विचारवंत घोकू नका भो, तो कशाला घाबरायचा ते शोधा

पाच वर्षांच्या लॉला सुरुवातीलाच राज्यशास्त्र येतं आणि पोरं प्लेटोपासून सुरू करून सालं, पुस्तकं, व्याख्या असं सगळं घोकून राहतात. मीपण तेच केलं, जळगावात रूमवर बसून २२ पानांच्या झेरॉक्स नोट्स पाठ केल्या, पेपरात हॉब्जचं लॉकच्या नावावर लिहून आलो आणि केटी लागली, म्हणजे नापास, तो विषय परत द्यायचा. दुसऱ्या वेळेस जे केलं ते सांगतो.

प्रत्येक विचारवंताला एकच विचारायचं, बाबा तू कशाला घाबरतो? हॉब्जनं इंग्लंडमधली यादवी पाहिली, १६४९ ला तिथं राजाचं मुंडकंच उडवलं, आणि दोन वर्षांनी, १६५१ ला, याचं लेव्हायथन हे पुस्तक आलं. त्याला भीती अंदाधुंदीची, म्हणून तो म्हणतो सगळी ताकद एकाच्या हातात द्या. लॉकला भीती त्या एकाचीच. म्हणून जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हे हक्क सरकारच्या आधीचे, आणि सरकारनं विश्वास मोडला तर लोक त्याला घरी पाठवू शकतात. रूसोची सामूहिक इच्छा म्हणजे सगळ्यांच्या भल्याची इच्छा, मतांची बेरीज नाही, एवढं लक्षात ठेवा, इथं निम्मा वर्ग मार्क घालवतो.

तरी सामाजिक करार, म्हणजे लोकांनी आपसात ठरवून राज्य उभं केलं ही कल्पना, डोक्यात शिरत नसेल तर धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची फड पद्धत आठवा, फड म्हणजे शेतांचा गट. बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडात येतं, कोणत्या फडात काय पेरायचं ते गावकरी मिळून ठरवतात, आणि पाणी वाटायला पाटकरी असतो. पाटकरीच नसता तर वरच्या अंगाचा शेतकरी सगळं पाणी पिऊन बसला असता आणि खालचे काठ्या घेऊन आले असते, हा झाला हॉब्ज. पण पाटकऱ्यानंच पाणी आपल्या पाहुण्याच्या शेतात वळवलं तर? मग लॉक.

आता भारतीय विचारवंतांसाठी वेगळी वही करू नका, त्याच पानावर लिहा. कौटिल्याचा मत्स्यन्याय, मोठा मासा लहान्याला गिळतो, हा हॉब्जच्या शेजारीच बसतो. अर्थशास्त्रात गोष्ट आहे की मत्स्यन्यायाला कंटाळून लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा, मालाचा दहावा हिस्सा द्यायचं कबूल केलं. करारच की! पण गंमत अशी की हे कौटिल्य कोणाच्या तोंडी घालतो, तर राजाच्या गुप्तहेरांच्या, त्यांनी चारचौघात मुद्दाम वाद घालून लोकांना पटवायचं. हे एक वाक्य उत्तरात टाका, तपासणारा थांबून वाचेल.

गांधींचं हिंद स्वराज, १९०९, छोटं आहे, अख्खं वाचा, त्यात वकिलांवर एक आख्खं प्रकरण आहे आणि ते काही कौतुकाचं नाही. आंबेडकरांशी मात्र घाई नको. बाकीचे राज्याला नाहीतर ते नसण्याला घाबरतात, हे विचारतात की समाजच जुलमी असेल तर? जातीवरचं त्यांचं न झालेलं भाषण, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, १९३६ चं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या जळगावकडच्या फैजपुरात नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. दोन्ही शेजारी ठेवून बघा, स्वातंत्र्य म्हणजे नेमकं कोणापासून, हा प्रश्न आपोआप पडतो. मग २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण वाचा, राजकारणात समता आणि समाजात विषमता ही विसंगती तिथं आहे. आणि फुल्यांना शेवटी दोन ओळीत उरकू नका, त्यांचं गुलामगिरी हे पुस्तक १८७३ चं आहे.

शेवटचं काम, प्रत्येकाला एक केस बांधायची, आपण लॉचे विद्यार्थी आहोत, बीएचे नाही. आणीबाणीतली १९७६ ची एडीएम जबलपूर घ्या. सरकार म्हणतं, कलम २१ साठी, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, कोर्टात जायची वाटच बंद, आणि बहुमत ते मान्य करतं. न्यायमूर्ती खन्ना एकटे उलटं लिहितात, की जगण्याचा हक्क काही संविधानानं दान दिलेला नाही. हा लॉकच बोलतोय ना? २०१७ ला पुट्टास्वामी या खासगीपणाच्या हक्काच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं ते बहुमत रद्द ठरवलं.

उत्तर लिहिताना आधी भीती, मग त्याचा उपाय, मग त्यावर दुसऱ्या विचारवंताचा आक्षेप, मग केस. जन्मसाल आठवलं नाही तर सोडून द्या. प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटलला मी मिळून एकच दुपार दिली होती.