गोळ्या चालू असताना जेवणाची घडी कशी बसवावी

घरात गोळ्यांचा डबा आला की शेजारपाजारचे पथ्यं सांगून जातात: वांगं नको, दही नको, आंबट तर मुळीच नको. ते सगळं बाजूला ठेवा. कुठल्या गोळीचं कशाशी वाकडं आहे, एवढंच पाहायचं. बऱ्याचदा पदार्थ सोडावा लागतच नाही, वेळ बदलली की भागतं.

सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, नुसत्या पाण्याशी. चहा-पोहे अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी ४ तासांनी.

सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिकं दुधाबरोबर नको. कॅल्शियम त्यांना धरून ठेवतं, औषध रक्तात उतरत नाही. गोळी आधी, दूध २ तासांनी. आणि इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाणार असाल तर आपली इंदुरी शिकंजीही दुधाचीच, हे विसरू नका.

खरी कटकट रक्त पातळ करणाऱ्या गोळीची, म्हणजे वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल. सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदलल्यापासून ती आमच्याकडे आहे आणि तिची घडी बसवताना माझा जीव मेटाकुटीला आला होता, कारण जो तो 'पालेभाजी बंद' एवढंच सांगायचा. बंद करू नका! पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केच्या मदतीने यकृत रक्त गोठवणारे घटक तयार करतं, गोळी नेमकं तेच अडवते. डॉक्टर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) पाहून डोस ठरवतात, तो तुमच्या नेहमीच्या जेवणावर बेतलेला असतो. भाजी एकदम सोडली तर तोच डोस जास्त होतो: हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. एकदम वाढवली तर अपुरा पडतो आणि झडपेवर गुठळी होऊ शकते.

आपल्याकडे गडबड थंडीत होते. मेथी-पालक स्वस्त, मग सकाळी पराठे, रात्री डाळ-पालक. उन्हाळ्यात त्यातलं काहीच नाही. म्हणून आमच्याकडे वार ठरलेले आहेत: मंगळवार आणि शुक्रवार, वाटीभर भाजी, बाराही महिने. बाकी दिवस गिलकी, भोपळा. वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीचा बाऊ नको, पण हिरवी चटणी वाटीने खाणार असाल तर ती पालेभाजीत मोजा. जुलाब लागले किंवा अँटिबायोटिक सुरू झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

ॲपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांना भाजीचं हे बंधन नाही. पण धातूची झडप असेल तर त्या चालत नाहीत, तेव्हा शेजाऱ्याचं बघून गोळी बदलायला जाऊ नका.

ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल असेल तर लो सोडियम मीठ विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळ्यांनीही ते रक्तात वाढतं. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकबरोबर दारू नाही.

कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांनी चकोतरा (ग्रेपफ्रूट) टाळावा. इथे वेळ बदलून भागत नाही: आतड्यात औषध मोडणारं एन्झाइम तो निकामी करतो आणि हा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. सकाळी फळ आणि रात्री गोळी ही युक्ती त्यामुळे फुकट.