चेलोचा गज धरताना अंगठा वाकवा

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य. त्याचा गज धरायला शिकताना आधी पेन्सिल घ्या. हात सैल सोडा, मग बोटं जशी आपसूक वाकलेली असतात तशीच पेन्सिलवर ठेवा. हीच पकड गजावर न्यायची.

अंगठ्याचं टोक फ्रॉग (गजाच्या मुठीकडचा, केस धरून ठेवणारा ठोकळा) संपतो तिथल्या कोपऱ्यात, अर्धं काठीला टेकलेलं. पेर बाहेरच्या बाजूला वाकलेलं हवं. मधलं बोट अंगठ्याच्या बरोबर समोर, फ्रॉगच्या धातूच्या पट्टीपर्यंत पोचणारं. अनामिका आणि करंगळी फ्रॉगच्या बाजूवरून खाली सोडा. व्हायोलिनसारखी करंगळी काठीवर उभी करायची नाही. तर्जनी मधल्या पेराजवळ काठीवर टेकते. पंजा किंचित तर्जनीकडे कललेला राहू द्या, तारेवर वजन तिथूनच जातं.

बहुतेकांचं बिघडतं ते अंगठ्यापाशी. गज पडेल या भीतीने तो ताठ होतो, पाठोपाठ मनगट आखडतं आणि सूर खरखरतो. खरं तर गज जेमतेम 80 ग्रॅमचा, शिवाय वाजवताना तार त्याला खालून तोलून धरतेच. मध्येच थांबून अंगठा दोन-तीनदा वाकवून सरळ करा. जमलं नाही, तर पकड घट्ट झालीय. सोडा, हात झटका, पुन्हा धरा. आणि गजाच्या केसांना बोट लावू नका, घामाने ते तेलकट होऊन तारेवरून घसरतात.