मिरीची मर: मृगाआधीची कामं

जलद मर लागलेला मिरीचा वेल दोन-तीन आठवड्यांत संपतो. पानं मलूल दिसू लागतात तोवर जमिनीलगतचं खोड कुजलेलं असतं. मग वरून कितीही फवारा, वेल हाती लागत नाही. म्हणून कोकणात मिरीची राखण वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की, मृग लागायच्या आत करायची. आणि ती शेंड्याची नव्हे, खालच्या हातभर खोडाची.

रोगाचं मूळ फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव. तो मातीत दबा धरून असतो. पाणी साचलं की त्याचे बीजाणू पोहत मुळांशी जातात, आणि पावसाच्या थेंबांनी उडालेल्या चिखलाबरोबर खालच्या पानांवर बसतात. २२ ते २९ अंश तापमान, ८० टक्क्यांहून जास्त दमटपणा आणि दिवसचे दिवस पाऊस, एवढं त्याला पुरतं. सुपारीचा कोळेरोगही (फळं कुजून गळणं) याच कुळातला, त्यामुळे आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत) दोन्हींची फवारणी एकाच दिवशी उरकते.

आधी बुंधा

उन्हाळ्यात शिपण्यासाठी केलेलं आळं पावसाळ्यात डबकं होतं. ते मोडा आणि माती अशी ओढा की पाणी वेलापासून बाहेर वाहील. दोन ओळींमध्ये चर काढा. समुद्राकाठच्या सखल आगरात पाणी वर येतं, तिथे चराशिवाय भागत नाही. हे सगळं मे महिन्यातच. पाऊस सुरू झाल्यावर बुंध्याशी कुदळ लावली तर मुळ्या तुटतात आणि त्या जखमांतून रोग शिरतो.

जमिनीवर रांगणारे फुटवे कापा किंवा आधाराच्या झाडाला बांधा. मातीला टेकलेलं कोवळं पान हेच रोगाचं पहिलं पाऊल. पांगारा किंवा गिरिपुष्पाचा आधार असेल तर फांद्या छाटून उजेड आत येऊ द्या. बुंध्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा म्हणजे चिखल उडणार नाही, फक्त ते खोडाला चिकटू देऊ नका.

बोर्डो मिश्रण

हे औषध मुळात द्राक्षाचं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षाच्या केवडा रोगावर वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी ते १८८५ मध्ये मांडलं. साधं दिसतं, पण निम्मं अपयश ते बनवतानाच येतं.

१ टक्का मिश्रणाला १०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो कळीचा चुना. भांडी प्लॅस्टिकची, लोखंडी किंवा जस्ताची अजिबात नको. मोरचूद फडक्यात बांधून ५० लिटर पाण्याच्या वरच्या थरात रात्रभर टांगा. तळाशी टाकलं तर खडे तसेच पडून राहतात. चुना दुसऱ्या पिंपात थोड्या पाण्यात फोडा. तो तापून उकळतो, तेव्हा तोंड लांब ठेवा. निवला की पाणी ५० लिटर करून गाळून घ्या. चुना तापलाच नाही तर तो हवेत राहून मेलेला आहे; तसला वापरू नका, ताजा आणा.

आता मोरचुदाचं पाणी बारीक धारेनं चुन्याच्या पाण्यात सोडा, दुसऱ्यानं काठीनं ढवळत राहायचं. चुना मोरचुदात ओतला, किंवा पाणी गरम असतानाच मिसळलं, तर जाड कण पडतात, नोझल तुंबतो आणि औषध पानाला धरत नाही. जमलेलं मिश्रण आकाशी निळं दिसतं आणि सावकाश खाली बसतं. घासून लखलखीत केलेली सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस लेप आला तर मोरचूद मोकळं आहे, त्यानं पानं भाजतील. चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

फवारा पानांच्या खालच्या बाजूनंही बसला पाहिजे, आणि नंतर तीन-चार तास कोरडे मिळाले पाहिजेत. सुपारीची शिंपुटं (घोस) त्याच फेरीत घ्या. दुसरी फवारणी ४० ते ४५ दिवसांनी. श्रावणातली उघडीप त्यासाठी सोडू नका. मुळांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, दर वेलाला ५ ते १० लिटर, बुंध्यापासून हातभर घेरात ओता.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर ही आळवणी करू नका, तांबं त्याला मारतं. त्याऐवजी ९० किलो शेणखत, १० किलो निंबोळी पेंड आणि १ ते २ किलो ट्रायकोडर्मा मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर झाकून ठेवा आणि बुंध्याशी घाला. फवारणी आणि हे खत यांत १५ दिवसांचं अंतर हवं.

भर पावसात

आठवड्यातून एकदा खालची पानं उलटून पाहा. काळा ठिपका आणि त्याची कड झालरीसारखी पसरत चाललेली, हीच खूण. शंका आली तर खोडाची साल नखानं किंचित खरवडा: आत हिरवट पांढरं असेल तर ठीक, काळपट आणि घाण वास असेल तर वेल गेला. तो मुळांसकट उपटून बागेबाहेर जाळा, कोयती धुवा, आणि तिथून वाहणारं पाणी चर मारून दुसरीकडे वळवा. शेजारच्या वेलांना मेटालॅक्झिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला १.२५ ग्रॅम फवारा आणि मुळांशीही ओता. त्या खड्ड्यात वर्षभर मिरी लावू नका, आणि या बागेतले फुटवे रोपांसाठी कुणाला देऊ नका.

घोसातले दाणे काळे पडून दाबल्यावर पोकळ लागले तर ती पोल्लू भुंगेऱ्याची अळी. तिचा जोर दाट सावलीत. छाटणी आणि निंबोळीयुक्त कीटकनाशक, बाटलीवरच्या मात्रेत. पाऊस सरल्यावर ओल असूनही पानं पिवळी पडली तर मुळी उकरून गाठी शोधा. त्या सूत्रकृमीच्या (मातीतल्या बारीक जंतांच्या) असतात आणि तिथे दर वेलाला किलोभर निंबोळी पेंड लागते.

पंप आणि पिंप विहिरीवर किंवा पाटात धुऊ नका. मोरचुदानं मासे मरतात, आणि तेच पाणी खालच्या आगरात जातं.