खडेरी जमिनीत पाण्याची ओढ कशी ओळखावी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कलम लावायला खड्डा खणला की मातीपेक्षा जांभ्याची खडीच जास्त निघते. अशा जमिनीत "ओल किती टक्के" हा आकडा फसवतो. मुळांना पाणी मिळणार की नाही हे माती ते किती घट्ट धरून ठेवते यावर, म्हणजे तिच्या ओढीवर ठरतं. ही ओढ मुख्यतः बारीक मातीच्या सूक्ष्म छिद्रांत असते. खडे नुसतं वजन वाढवतात.

पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवसांनी हातभर खोलीवरून तीनेक किलो माती काढा. खडे टाकून देऊ नका, आपल्याला तेच मोजायचे आहेत. लगेच पिशवी बांधा, वजन करा. मग घमेल्यात पसरून, वजन उतरायचं थांबेपर्यंत कडक उन्हात वाळवा. ढेकळं हाताने फोडून 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा आणि दोन्ही भाग वेगवेगळे तोला.

समजा ओली माती 2,800 ग्रॅम होती, सुकून 2,500 झाली. म्हणजे पाणी 300 ग्रॅम, ओल सुक्या वजनाच्या 12 टक्के. आता त्यात खडे 1,000 आणि बारीक माती 1,500 ग्रॅम निघाली. सगळं पाणी बारीक मातीत धरलं तर तिची ओल 20 टक्के होते! बिनखड्याच्या त्याच मातीत 12 टक्के ओल असती, तर ती कितीतरी कोरडी असती आणि ओढही खूप जास्त.

पण जांभा सच्छिद्र आहे, तोही थोडं पाणी पितो. सुके खडे रात्रभर भिजवा, फडक्याने पुसा, पुन्हा तोला. वजन 50 ग्रॅम वाढलं, तर खड्यांत जास्तीत जास्त तेवढं पाणी होतं. म्हणजे बारीक मातीची खरी ओल 17 ते 20 टक्क्यांच्या दरम्यान.

ओढ थेट मोजायची तर टेन्शिओमीटर घ्या, म्हणजे पाण्याने भरलेली, खाली भाजलेल्या मातीचं सच्छिद्र टोक आणि वर काटा असलेली नळी. घाई करू नका, इथेच बहुतेकांचं चुकतं. पहारीने भोक पाडून नळी तशीच खुपसली, तर तिचं मातीचं टोक एखाद्या खड्याला टेकतं, बाजूला पोकळी राहते आणि काटा हलतच नाही. त्याच जागेची चाळलेली माती पाण्यात दाट कालवून आधी भोकात ओता, मग नळी बसवा आणि भोवती माती दाबा. दुसऱ्या दिवशी वाचन घ्या. साधारण 80 किलोपास्कलच्या (ओढ मोजायचं एकक) पुढे नळीत हवा शिरते. तेव्हा काटा खाली आला म्हणून जमीन ओली झाली असं समजू नका. रोपं कायमची कोमेजतात ती ओढ 1,500 किलोपास्कलच्या आसपास धरतात.

खडेरी जमिनीत साठाच कमी, त्यामुळे ओढ झपाट्याने चढते. खड्यांभोवतीच्या मोठ्या फटी तर पहिल्या दिवसांतच रिकाम्या होतात. म्हणून नव्या कलमाला उन्हाळ्यात एकदम भरपूर पाणी ओतू नका, ते खाली निघून जातं. थोडं थोडं, पण लवकर लवकर द्या आणि आळ्यात पालापाचोळा जाड पसरा.