मुलांच्या डोळ्याला लागलं तर या चुका टाळा

दिवाळीत आणि गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या दिवसांत आमच्या डोळ्यांच्या वॉर्डात काय काय येणार, हे मला आधीच ठाऊक असतं. विझला की काय म्हणून भुईनळ्यावर वाकलेलं पोरगं, गड्ड्यावरून आणलेल्या छर्ऱ्याच्या बंदुकीसमोर आलेला धाकटा भाऊ. पण खरी चीड येते ती चुन्याची, कारण तो बाराही महिने येतो.

तंबाखूबरोबरची चुन्याची ट्यूब घरात कुठेही पडलेली असते. तोंडाशी चुना वाळलेला असतो. पोर जोर लावून दाबतं, ट्यूब फुटते आणि चुना थेट डोळ्यात. ॲसिडपेक्षा हे वाईट. ॲसिडने वरचा थर जळून थिजतो; चुना मात्र आत आत शिरत राहतो.

मोहोळकडच्या एका वस्तीवरून असंच पोर आलं होतं. आजीने दूध घातलं, शेजारणीने तूप, कुणीतरी गुलाबपाणी. बाप गाडी शोधत हिंडला. आणि दारात पाण्याची टाकी भरलेली! आमच्याकडे पोचेपर्यंत बुबुळ धुरकटलं होतं. डॉक्टरांनी वरची पापणी उलटी केली, तर आत शितांसारखे चुन्याचे कण चिकटलेले. त्या डोळ्यात फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, पडलं ते पडलंच.

म्हणून आधी पाणी, मग रिक्षा. पोराला चादरीत गुंडाळा, एकाने धरा, दुसऱ्याने पापण्या उघडून नळाचं साधं पाणी निदान अर्धा तास सोडा. ते रडणारच. मग लगेच दवाखाना, कारण पापणीखालचे कण तिथेच निघतात. आजोबांना तंबाखू सोडा म्हणणं मी सोडून दिलंय. ट्यूब आणणं बंद करा, डबी वापरा आणि तीही फडताळात वर ठेवा, एवढंच सांगते.

आता हे वाचून उतावळे लोक प्रत्येक डोळा धुवायला घेतील. थांबा. दसऱ्याचा बाण, कर्कटक, तार असं काही घुसलं असेल तर पाणी नको, थेंब नको, चोळणं तर नकोच. घुसलेली वस्तू ओढू नका. कधी बुबुळापाशी काळा ठिपका दिसतो आणि कचरा समजून रुमालाच्या टोकाने काढायला जातात. तो कचरा नसतो, फाटलेल्या जागेतून बाहेर आलेला डोळ्यातला रंगीत पडदा असतो. चहाचा कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून चिकटपट्टी लावा. कड हाडावर टेकली पाहिजे, डोळ्यावर दाब नको. आणि वाटेत बिस्किटं चारू नका, भूल द्यायला खोळंबा होतो.

कडब्याचं पान किंवा उसाचं पातं लागल्यावर मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणू नका. लाली उतरते, आत बुरशी फोफावते.

टाके पडले म्हणजे काम झालं, असंही नाही. सात-आठ वर्षांखालच्या मुलाचा मेंदू नीट न दिसणाऱ्या जखमी डोळ्याला विसरू लागतो, म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगतात. शाळेत चिडवतात म्हणून ती सोडू नका.

व्हिडिओ पाहून पाइपची कार्बाइड बंदूक (कार्बाइडवर पाणी टाकून होणाऱ्या गॅसचा बार काढणारी) बनवणाऱ्यांनी 2025 च्या दिवाळीत भोपाळमध्ये काय झालं ते विचारावं. वाजली नाही म्हणून मुलं नळीत डोकावली आणि तेवढ्यात ती वाजली.