कॅलिपर बदलल्यावर ब्रेक पेडल मऊ: माझा अनुभव

गाडीचे पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) बदलले आणि पेडल स्पंजासारखं झालं. तीनदा ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) केलं, मास्टर सिलिंडरही (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) नवा बसवला, फरक शून्य. दोन रविवार गेले, डोकं फिरायची वेळ आली.

मग लक्षात आलं, ब्लीडर निपल (हवा सोडायची छोटी तोटी) खालच्या बाजूला होता! डावा-उजवा कॅलिपर उलटसुलट बसला होता. हवा वरच अडकते, ती खालून निघणार कशी?

अदलाबदल करून निपल वर आणला. बॅन्जो बोल्टला (ब्रेकची नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घातले (जुने पुन्हा वापरू नका, गळतात). मॅन्युअलमधला आकडा पाहून टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आवळलं. डॉट ४ ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतलंच वापरलं, कारण उघडं ऑइल ओलावा शोषतं. मग पुन्हा ब्लीडिंग: पेडल दाबून धरायचं, निपल उघडायचा, बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ न देता. पेडल आता कडक आहे.