मिल्कवीडच्या पानांवरचे डाग ओझोनचे की बुरशीचे?

आमच्या टेनेसीत ऑगस्ट लागला की स्मोकी पर्वतातल्या उंच मिल्कवीडवर ओझोनचे, म्हणजे जमिनीलगतच्या हवेतल्या प्रदूषक वायूचे डाग शोधायला मी निघते. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातलं, खुडलं की तसाच पांढरा चीक.

आधी खालची जुनी पानं बघा. ओझोनचे ठिपके बारीक, जांभळट-काळे, पानाच्या वरच्या बाजूला आणि शिरांच्या मधे. शिरा मात्र हिरव्याच. दुसऱ्या पानाची सावली पडत असेल तेवढा भाग कोरा राहतो. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते. डाग खालूनही आरपार दिसला, तर बुरशीचा संशय घ्या.

खात्रीसाठी इडीयू, म्हणजे एथिलीनडाययुरिया, झाडाला ओझोनपासून वाचवणारं रसायन. लिटरभर पाण्यात ३०० मिलिग्रॅम. पाणी कोमटच घ्या. पहिल्यांदा मी गार पाण्यात तासभर ढवळत बसले होते! निम्म्या कुंड्यांना हे द्रावण मुळाशी, निम्म्यांना नुसतं पाणी, दर १०-१४ दिवसांनी. इडीयूच्या कुंड्यांत डाग कमी आले, तर दोष ओझोनचा धरा.

हा उद्योग घरच्या कुंड्यांतच. राष्ट्रीय उद्यानात फक्त बघायचं, पान तोडायचं नाही.